मॅडमनी बोली लावली

कमळटोला, ता. तिरोडा
६ जुलै २०२५

तीर्थरूप गुरुजींना, आणि त्यांच्या आत लपून बसलेल्या मामाजींना, योगेश्वरीचा साष्टांग नमस्कार.

माझं मागचं पत्र लाल होऊन परत मिळालं. दहापैकी सहा. बेचाळीस वर्षांची बाई, स्वतः मास्तरीण, आणि पोस्टमनसमोर पाकीट फोडायला लाजते. त्याला वाटतं, मॅडमचा निकाल आला. फोन करत जा म्हटलं, तर तुमचं एकच उत्तर: फोनवर शुद्धलेखन दिसत नाही.

असो. बातमी अशी की यंदा ऑनलाइन प्रशिक्षण शिक्षकांनी स्वतःचं स्वतः निवडायचं, असा आदेश आलाय.

आतापर्यंत काय चालायचं, ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही वेळेवर निवृत्त झालात. वरून एक लिंक यायची. ती दाबली की एक बाई आनंददायी शिक्षणाबद्दल अतिशय दुःखी आवाजात तासन्‌तास बोलायच्या. मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून भाजी चिरायची. आमचे उदाराम सर फोन गोठ्यातल्या खुंटीला अडकवून शेतावर निघून जायचे. त्यांच्या म्हशीचे दोन अभ्यासक्रम पूर्ण झालेले आहेत. प्रमाणपत्रावर नाव तेवढं सरांचं आहे.

तर केंद्रावर सभा झाली. केंद्रप्रमुख म्हणाले, “आता तुमचं तुम्ही निवडा.” मामाजी, मयतीच्या घरी असते तशी शांतता पसरली. मग उदाराम सर उठले. “निवडतो जी. पण कोणता निवडाचा, तेवढं सांगून द्या.” सगळे म्हणाले, हो, हो, सांगून द्या. केंद्रप्रमुखांनाही हायसं वाटलं. त्यांनी फळ्यावर सगळ्यात छोट्या अभ्यासक्रमाचं नाव लिहिलं आणि म्हणाले, “हा घ्या. स्वतःच्या मर्जीनं.”

मी म्हटलं, “मी दुसरा घेते.”

“काऊन?”

“मर्जी.”

मी घेतलाय तो ‘मुलांची घरची बोली आणि वर्ग’. कारण सांगते. माझ्याकडे पहिली-दुसरी. बहुतेक पोरं मासेमारी करणाऱ्या घरांतली. तलावाच्या पाळीवर ही पोरं अशी कलकलाट करतात की बगळे उठून जातात. वर्गात पाय ठेवला की मुकी. त्यात एक नीतू आहे. आता दुसरीत आली. पहिलीचं आख्खं वर्ष माझ्यासमोर बसली आणि एक शब्द बोलली नाही. हजेरीला फक्त हात वर. मी तिला वरच्या वर्गात ढकललं, पण तिचा आवाज कसा आहे हे मला माहीत नाही. मास्तरणीला ही गोष्ट रात्रंदिवस टोचते.

निवडीची मुभा यंदा फक्त आमच्या केंद्राला आहे, चाचणी म्हणून. गोंधळ झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा ती दुःखी बाई.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. आणि एक आठवण. आपल्या पोवारांत मामा भाचीच्या पाया पडतो. तुम्ही मात्र मी दवनीवाड्याच्या शाळेत पहिलीत आले त्या दिवशी सांगितलं, “शाळेच्या फाटकात नातं संपते, इथं मी गुरुजी,” आणि उलट मलाच वाकायला लावलं. ते फाटक तुम्ही अजून ओलांडलेलं नाही.

तुमची विद्यार्थिनी (भाचीसुद्धा),
योगेश्वरी

---

वाकड, पुणे
१४ जुलै २०२५

चि. योगेश्वरी हीस ग्यानीराम बिसेन गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. सहा गुण कायम. ‘आख्खं’ हा शब्द ‘अख्खं’ असा लिहितात. म्हशीच्या परिच्छेदाला अर्धा गुण जास्त देणार होतो, पण विनोदाला गुण द्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

तुझी निवड मला पसंत नाही. स्पष्ट लिहितो. गणित निवड, विज्ञान निवड. बोली काय निवडायची? ती पोरं ती घेऊनच येतात. जे घरून डब्यात येतं, ते शाळेने पुन्हा का वाढावं?

आणि ही म्हाताऱ्याची कटकट समजू नकोस. या पोरांना उद्या तिरोड्याला, गोंदियाला, नागपूरला जायचं आहे. तिथे तोंड उघडताच लोक आधी गाव ओळखतात आणि मग त्या पोराचं काम बघायचं विसरून जातात. हे मी पाहिलेलं आहे. म्हणून छत्तीस वर्षं मी ‘जाऊन राहिलो, खाऊन राहिलो’ हे फळ्यावरून पुसत आलो. तुझंही पुसलं, म्हणून आज तू फळ्यासमोर उभी आहेस. बोली घरी, भाषा शाळेत. मध्ये फाटक असावं.

इकडे बरं आहे. लोकेंद्र सकाळी कॉम्प्युटरसमोर बसतो तो रात्री उठतो. त्याला घरून काम म्हणतात, घरचं काम मात्र सूनबाई करते. तीही दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर बसून. नात रुची सात वर्षांची झाली. मी सोसायटीच्या ज्येष्ठ मंडळात जातो. तिथे सगळे निवृत्त साहेब आहेत, त्यामुळे ऐकून घेणारा मी एकटाच.

पाया पडण्याबद्दल: नियम मी केलेला आहे, तो मला मोडता येत नाही.

ग्यानीराम बिसेन

---

कमळटोला
३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप गुरुजींना साष्टांग नमस्कार.

उशीर झाला. धानाची रोवणी सुरू होती. उमेंद्र शेतात, बांधीत आणि मी बांधी, शाळा आणि अभ्यासक्रम अशी तिन्हीकडे. तुमचे जावई विचारतात, “अवं, फोनकडे पाहून काय लिवून राहिली? आधी तं डब्याले टेकवून ठेवत होती.” आधी दुसऱ्याने निवडलेलं होतं ना. दुसऱ्याने पसंत केलेल्या लुगड्याला कोणी धुताना जपतं का?

अभ्यासक्रमात पहिलंच काम असं दिलं: एक आठवडा पोरांची एकही चूक दुरुस्त करायची नाही. फक्त ऐकायचं. मामाजी, तुमच्या हाताखाली शिकलेल्या बाईला हे उपासापेक्षा कठीण आहे. पहिल्या दिवशी माझी जीभ दाताखाली धरून धरून सुजली.

तिसऱ्या दिवशी पुस्तकातलं माशाचं चित्र काढलं. दरवर्षी मी विचारते, “मुलांनो, हे कशाचे चित्र आहे?” आणि दरवर्षी भिंतीला विचारल्यासारखं होतं. या वेळी म्हटलं, “पाहा बरं पोट्ट्याहो, हा कोनता व्हय?”

वर्ग फुटला की हो! एक म्हणे मरळ, एक म्हणे दाडक. पहिलीतलं एक कार्टं बाकावर चढून म्हणालं, “ह्या चित्रातल्याले मिशा नाई, तं मरळ कसा व्हईन?” दोन पोरं एकमेकांच्या अंगावर गेली. आणि मागून आवाज आला, जरासा घोगरा, मोठ्या बाईसारखा:

“चूप बसा रे. तो कोनताच नाई. ज्यानं काढला, त्यानं मासा पाह्यलाच नाई.”

नीतू. गुरुजी, ही नीतू! वर्षभर गप्प राहिलेल्या पोरीने तोंड उघडलं ते थेट पाठ्यपुस्तक तपासायला. तुमच्याच जातीची निघाली.

आता तुमच्या फाटकाबद्दल. मी पोरांचं नीट ऐकलं. “बाप तलावावर जाते” म्हणजे रोज जातो. “बाप तलावावर जाऊन राहिला” म्हणजे या घडीला निघालाय. पाच वर्षांचं पोर या दोन्हींत एकदाही चूक करत नाही. हा काळ आहे, गुरुजी. पक्का, घट्ट काळ. तुमच्या पुण्यात ‘जातोय’ म्हणतात, ते चालतं. तेही कोणत्या जुन्या व्याकरणात होतं? मग त्या ‘तोय’ला लाल शाई का लागत नाही आणि आमच्या ‘राहिलो’लाच का लागते? तुम्ही ते माझ्या फळ्यावरून पुसलं हे खरं. जिभेवरून पुसलेलं नाही. उमेंद्रला विचारा, मी रागात आले की कोणत्या भाषेत बोलते.

तुम्ही म्हणता, पोरांना नागपूरला जायचं आहे. जाऊ द्या की. पण आधी वर्गात तर येऊ द्या. माझी पोरं फाटकाच्या आत फक्त अंगाने येत होती.

योगेश्वरी

---

वाकड, पुणे
१२ ऑगस्ट २०२५

चि. योगेश्वरीस आशीर्वाद.

पत्र परत पाठवत आहे. पाच गुण. एक गुण उद्धटपणाबद्दल कापला. ‘तोय’बद्दल उत्तर सवडीने देईन. माझ्याकडे उत्तर आहे.

लुगड्याचा दृष्टान्त बरा आहे.

ती मुलगी पुढे काय म्हणाली ते तू लिहिलंच नाहीस. अर्धवट प्रसंग लिहिणे हा दोष आहे. गुण देण्याच्या सोयीसाठी विचारत आहे, गैरसमज नसावा. मरळ माशाला मिशा असतात की नसतात, याबद्दल इथल्या ज्येष्ठ मंडळात दोन तट पडले आहेत; तेही कळव.

ग्यानीराम बिसेन

---

कमळटोला
९ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप गुरुजी आणि मामाजी, दोघांनाही नमस्कार. आज मला दोघांचीही गरज आहे.

मी संकटात आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग वाचा.

केंद्रावरून आमच्या निवडीची माहिती वर गेली. ऑफिसातल्या बाबूंना एवढं लांब नाव लिहायचा कंटाळा आला असावा. माझ्या नावापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला: ‘बोली’.

आता योग पाहा. आमच्या गावच्या मामा तलावाच्या मासेमारीची बोली याच महिन्यात व्हायची आहे. (पुण्याच्या ज्येष्ठांना सांगा, मामा म्हणजे माजी मालगुजारी, तलावाचं आणि तुमचं काही नातं नाही, जरी दोघेही मिळेल ते आत घेऊन वर शांत दिसता.) कोणीतरी शहाण्याने दोन कागद शेजारी ठेवले आणि मला नोटीस आली. ‘आपण शासकीय सेवेत असताना बोलीत सहभाग घेतल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपला खुलासा सादर करावा.’

नोटीस माझ्या हाती यायच्या आधी गावाला कळली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या मासेमार सोसायटीचे अध्यक्ष बिसराम दहा-बारा माणसं घेऊन शाळेत. पुढे त्यांची बायको अनुसयाबाई, कंबर खोचून. ही नीतूची आजी. शाळेची पायरी ती त्या दिवशी पहिल्यांदा चढली.

“मॅडमजी, तुमाले पगार पुरून नाई राहिला का?”

मी म्हटलं, “काय झालं?”

“आमचा तलाव कायले पाहिजे तुमाले? शिकवनं सोडून मासोळ्या धरता का आता?”

“अहो, मी तलावाची बोली नाही लावली. मी तुमची बोली घेतली.”

“आमची?” बिसराम भडकले. “आमाले बी विकून राहिले का?”

मामाजी, असं मराठी कोणत्या गुरुजीने शिकवलं की एका शब्दात तलावही जातो आणि माणूसही! शेवटी मी फोन काढला आणि माझा अभ्यास दाखवला. पोरांच्या तोंडचं मी लिहून ठेवलं होतं, ते मोठ्याने वाचलं. “बाप जाळं फेकून राहिला. माय बजारात बसून राहिली.” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग अनुसयाबाईला हसू फुटलं.

“अवं बाई, हे तं आमी रोजच बोलतो. हे शिकाले तुमाले मोबाईल लागते?”

“मला लागतो. मला लहानपणी विसरायला लावलं होतं.”

“कोनं?”

मी तुमचं नाव सांगितलं नाही. उपकार मानून घ्या.

तेव्हापासून अनुसयाबाई दर शनिवारी वर्गात येऊन बसते आणि पोरांशी वाद घालते. तिच्या मागे आणखी चार आया येतात. मरळाला मिशा नसतात, शिंगूरला असतात, असा तिचा निकाल आहे. (पोरगं वर्गात खोटं बोललं, तुमच्या दोन्ही तटांना कळवा.) तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नीतू आता बोलायची थांबत नाही. फळ्यावर आम्ही दोन रकाने केलेत: घरचं आणि पुस्तकातलं. पोरं इकडचं तिकडे नेतात आणि परत आणतात.

पण नोटीस आहेच. केंद्रप्रमुख म्हणतात, “मॅडम, माफी लिहून द्या, फळ्यावरचा छोटा कोर्स करून टाका, भानगड मिटते. नाही तं निवडीची मुभाच रद्द होईल.” सगळे शिक्षक माझ्याकडे असे बघतात की जणू मी त्यांच्या पानातलं ओढून घेतलं. तिरोड्याचे गटशिक्षणाधिकारी साहेब नवीन आहेत, फार कडक म्हणतात. बावीस तारखेला स्वतः शाळेवर येणार आहेत.

तुम्ही मला खुलासा लिहून द्या. तुमच्यासारखी भाषा मला येत नाही.

योगेश्वरी

---

वाकड, पुणे
१५ सप्टेंबर २०२५

चि. योगेश्वरीस आशीर्वाद.

मी हसलो. एवढा हसलो की सूनबाईंनी लोकेंद्रला मीटिंगमधून उठवून आणलं. त्यांना वाटलं, मला काही झालं.

खुलासा सोबत जोडला आहे. ‘प्रस्तुत शब्द द्व्यर्थी असल्याने’ इथपासून वाच. त्यात माफी आहे, पण ती अशी मांडली आहे की वाचणाऱ्यालाच अपराधी वाटावं. शेवटी, पुढील वर्षी गणिताचा अभ्यासक्रम करीन, अशी एक ओळ घातली आहे. नोकरीत वाकायचं असतं. वाकताना कणा मोडू नये एवढंच पाहायचं. तो कागद साहेबांच्या हाती दे आणि गप्प उभी राहा.

पत्र घाईत परत पाठवत नाही, तपासायचं राहिलं आहे. मंडळात एकदा वाचून दाखवावं म्हणतो. फक्त मिशांपुरतं.

तुला भाषा येत नाही असं पुन्हा लिहू नकोस. तुला भाषा मी शिकवली आहे.

ग्यानीराम बिसेन

---

कमळटोला
२८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामाजी,

आज गुरुजींना नमस्कार नाही. कारण पुढे कळेल.

बावीसला साहेब आले. उंच, इस्त्रीचे, चेहरा बंद दुकानासारखा. मागे केंद्रप्रमुख, त्यांच्या मागे उदाराम सर, त्यांच्या मागे निम्मं केंद्र. मुभा मरते की वाचते ते बघायला. तुमचा खुलासा माझ्या पर्समध्ये. सुरेख आहे तो. पण वाचताना मला एक सारखं टोचत होतं. त्यातली बाई मी नव्हते. ती कोणी दुसरीच होती, फार शुद्ध आणि फार घाबरलेली.

साहेबांनी खुलासा मागितला. मी म्हटलं, “साहेब, खुलासा वर्गात आहे.”

केंद्रप्रमुखांनी डोळे मिटले. साहेब वर्गात गेले. खुर्ची घेतली नाही. म्हणाले, “मुलांनो, सध्या तळ्यावर काय चाललंय?”

भिंत. सगळी पोरं मुकी. नीतूसुद्धा. साहेब माझ्याकडे वळले: हेच का ते तुमचं?

मामाजी, त्या क्षणी मला तुमचा कागद काढावासा वाटला. हात पर्सपर्यंत गेलाही. मग म्हटलं, जाऊ दे, कागद कुठे पळतो? “साहेब,” मी म्हटलं, “इथं तळं चालत नाही. विचारा, तलावात काय होऊन राहिलं?”

मागे कोणाला तरी ठसका लागला. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, घसा साफ केला आणि एखादा माणूस थंड पाण्यात पाय टाकतो तसं म्हणाले, “तलावात... काय होऊन राहिलं?”

नीतू उठली. “पानी उतरून राहिलं. बाप जाळं टाकून राहिला. अन्‌ तुमी आले मनून माजी आजी घरी बसून राहिली, नाई तं ती बी आली असती.”

वर्ग हसला. मग नीतू आपणहून फळ्याजवळ गेली. ‘घरचं’ या रकान्यात तिने लिहिलं, बाप जाळं टाकून राहिला. ‘पुस्तकातलं’ या रकान्यात लिहिलं, वडील जाळे टाकत आहेत. एक मात्रा चुकली नाही. मग खडू पुढे धरून साहेबांना म्हणाली:

“साहेब, तुमच्या घरी काय मनते?”

साहेबांनी खडूकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, गेली नोकरी. आणि त्या बंद दुकानाचं शटर एक वीतभर वर गेलं.

“आमच्याकडं,” साहेब म्हणाले, आणि आवाजच बदलला की हो, “आमच्या कोल्हापूरकडं म्हणत्यात, बा जाळं टाकाय लागलाय.”

“टाकाय लागलाय,” सगळा वर्ग ओरडला. नीतूने तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं: ‘साहेबाचं घरचं’.

मला पोरीचा एवढा अभिमान वाटला की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. साहेबही दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून उभे होते. दोघे बाहेर बघतोय आणि बाहेर बघण्यासारखं काही नाही, हँडपंप आहे.

नोटीस तिथेच मिटली. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, ‘बोली तलावाची नसून मुलांची आहे. हरकत नाही. मुभा चालू ठेवावी.’

पण सरकार ते सरकार. चौथ्या दिवशी नवीन पत्र: ‘पुढील वर्षी सर्व शिक्षकांनी बोलीचा अभ्यासक्रम अनिवार्यपणे स्वेच्छेने निवडावा.’ मी तडक तिरोड्याला गेले. म्हटलं, “साहेब, माझी निवड चांगली निघाली, कारण ती माझी होती. ही दुसऱ्याच्या गळ्यात बांधाल, तर तिलाही गोठ्यात टांगतील.” साहेबांनी पत्र मागे घेतलं. आता ऐका: उदाराम सरांनी स्वतःहून ‘खेळातून गणित’ घेतलाय. काल मला म्हणाले, “मॅडम, एक व्हिडिओ समजला नाई, मनून मागं नेऊन दुसऱ्यांदा पाह्यला.” आमच्या केंद्राच्या इतिहासात व्हिडिओ मागे नेणारे ते पहिलेच. म्हशीचं शिक्षण मात्र थांबलं.

तुमचा खुलासा वापरला नाही. जपून ठेवलाय. गुरुजींचा शब्द मोडला, म्हणून नमस्कार लिहायची छाती झाली नाही. किती गुण कापायचे ते कापा.

भाऊबीजेनंतर गावची मंडई आहे, जत्रा आणि रात्री नाटक. येणार नाही तुम्ही, दरवर्षी येत नाही. पण कळवायची माझी रीत.

योगेश्वरी

---

वाकड, पुणे
१६ ऑक्टोबर २०२५

सौ. योगेश्वरी भाचीबाईंना मामा ग्यानीरामचा पाया पडून नमस्कार.

चूक नाही, बरोबर वाचलंस.

तुझं पत्र ज्येष्ठ मंडळात वाचलं. मिशांपुरतं वाचणार होतो. सगळंच वाचलं गेलं. तिसऱ्या रकान्यापाशी आलो तेव्हा चहावाला पोऱ्यासुद्धा किटली धरून उभा. तेवढ्यात आमच्यातले एक निवृत्त साहेब, ज्यांना श्वासही शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे घ्यायची सवय आहे, ते म्हणाले, “बिसेन, गोष्ट छान, पण ते ‘टाकून राहिला’ वगैरे अशुद्ध आहे हो. तुमच्या भाचीला सांगा, दुरुस्त करा.”

मी उभा राहिलो. म्हणालो, “हे पत्र तपासायचा अधिकार या पृथ्वीवर फक्त मला आहे. आणि मी तपासलं आहे. तुम्ही ‘जातोय’ म्हणता ना? ते कोणत्या व्याकरणात आहे ते आधी दाखवा.”

दाखवता आलं नाही. (‘तोय’बद्दल माझ्याकडे उत्तर होतं, असं मी तुला लिहिलं होतं. नव्हतं.)

मग त्यांनी विचारलं, ही मुलगी कुठे शिकली? मी म्हणालो, दवनीवाड्याला, माझ्या हाताखाली. आणि जे मी शिकवलं नाही ते स्वतः निवडून शिकली. सगळे टाळ्या वाजवत होते. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. अर्ध्या घेतल्या.

पत्र परत पाठवत नाही. तपासायला बसलो होतो. लाल पेनची शाई सुकली होती, असं समज. खुलासाही मला परत नको. तो उदाराम सरांच्या म्हशीला वाचून दाखव, तिचं शिक्षण थांबायला नको.

रुची सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, “आजोबा, मी सात वर्षांची असून राहिली.” मी तिला जवळ बसवलं आणि समजावलं, की बेटा, हे चुकलं. खाणं होऊन राहतं, जाणं होऊन राहतं. असणं होऊन राहत नाही, ते असतंच. नियम आहे. प्रत्येक भाषेला असतो. लोकेंद्र कॉम्प्युटरवरून मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. त्याला लहानपणी याच शब्दासाठी मी अंगठे धरायला लावले होते.

मंडईला कमळटोल्याला आलो की शाळेच्या फाटकात उभी राहा. आत नको, बाहेर नको, फाटकातच. नीतूलाही बोलाव, साक्षीदार पाहिजे आणि तिच्याइतका कडक परीक्षक दुसरा नाही. माझा डावा गुडघा वाकताना कुरकुरतो, तेव्हा पाय जरा पुढे कर, उगाच लाजून मागे घेऊ नकोस. किती वर्षांची थकबाकी आहे, वेळ लागेल.

तिकीट काढलं. रुची बॅग भरून राहिली.

मी येऊन राहिलो.

तुझा मामा